नीलोफर ते जान्हवी : आपल्याला नक्की कोणासारखं दिसायचं असतं?

(मस्तगड, जालना इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



नट्या, नथी, साड्या आणि गोरेपणाची क्रीमं, हा काय व्याख्यानाचा विषय झाला का, अशी शंका काही चेहऱ्यांवर आत्ताच दिसते आहे. विशेष करून उजवीकडच्या पुरुषांच्या रांगांत. (हशा) आम्ही म्हणतो, का नाही? ज्या गोष्टीवर घरातला पैसा जातो, जिच्यावरून सासू-सुनांचं वाजतं, जिच्यापायी दहावीतली पोरगी आरशासमोर रडते, तिच्यावर दोन शब्द नीट बोलायला नकोत? कादंबरीवर टीका होते, नाटकावर होते. मंगळसूत्राच्या डिझाइनवर मात्र फक्त टोमणे होतात. टोमणे आणि टीका यात फरक आहे. आज टीका करू.

आधी त्या उजवीकडच्या रांगांचा हिशोब चुकता करतो. "बायकांना फॅशनचं वेड" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त आहे. 2003 साली ‘तेरे नाम’ आला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतले तुमचे कॉलेजचे ग्रुप फोटो काढा. मधोमध भांग, दोन्ही बाजूंनी गालावर आलेल्या झुलपा, आणि तोंडावर असा भाव की प्रेमभंग होऊन तीन वर्षं झालीत. प्रत्यक्षात प्रेम झालेलंच नसायचं! (हशा) मग शिवकाळावरचे सिनेमे आले, 2018 चा ‘फर्जंद’, 2020 चा ‘तान्हाजी’, 2022 चा ‘पावनखिंड’. पुन्हा गल्लोगल्ली दाढ्या कोरल्या गेल्या, कपाळावर चंद्रकोर आली. आमची त्याला काही हरकत नाही. दाढी चांगली दिसते, निदान हनुवटी झाकते. फक्त पार्लरच्या बिलावरून घरात बोलताना सलूनचं बिलही खिशातून बाहेर काढावं, एवढंच.

आता मुद्द्याकडे. साधी समजूत अशी असते की नट-नट्या करतात आणि लोक मेंढरासारखे मागे जातात. ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचा पुरावा म्हणजे दादा कोंडके. ‘सोंगाड्या’ 1971 चा, ‘पांडू हवालदार’ 1975 चा. त्या काळात त्यांच्याएवढा लोकप्रिय माणूस मराठी पडद्यावर दुसरा दाखवा. गावंच्या गावं बैलगाड्या जुंपून सिनेमाला गेली. आणि त्यांचा वेष काय? ढगळ हाफ पँट आणि पुढे लोंबणारी नाडी. महाराष्ट्रात एका तरी नवरदेवाने ती फॅशन उचलली का? (हशा) नाही उचलली. म्हणजे लोक प्रेम एकावर करतात आणि नक्कल दुसऱ्याचीच करतात. लोक निवडतात. कशावरून निवडतात, हा आजचा प्रश्न आहे.

थोडं मागे जाऊ, कारण आपण जिथे बसलोय तो मस्तगड म्हणजे जुना मामला. 1725 सालची ही गढी. जालना 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, पैठणही होतं. त्या राज्यात 1931 साली एक सून आली, शहजादी नीलोफर. तुर्कस्तानच्या उस्मानी घराण्यातली, निजामाच्या धाकट्या मुलाची, मोअज्जम जाहची बायको. लग्न झालं थेट फ्रान्समध्ये, नीस शहरात. जगातल्या सुंदर बायकांमध्ये तिचं नाव घेतलं जायचं. परदेशातून आलेल्या या बाईने साडी स्वीकारली, आणि पैठणीवर आजवर जे लिहिलं गेलंय त्यात बहुतेक ठिकाणी काठा-पदरावरच्या काही नव्या नक्ष्यांचं श्रेय तिला दिलेलं सापडतं. इन्स्टाग्राम नव्हतं, पण ‘सेलिब्रिटी’ होती, असं म्हणायला हरकत नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. नक्षीला नीलोफरचं नाव लागलं. ती नक्षी मागावर पहिल्यांदा कोणी उतरवली? तो विणकर कोण, कुठल्या गल्लीतला, त्याला काय मिळालं? त्याचं नाव कोणत्याच पुस्तकात नाही. हा धागा हातात धरून ठेवा, शेवटाकडे लागणार आहे.

नीलोफर राजघराण्यातली, म्हणून तिला सगळं माफ. मध्यमवर्गातल्या बाईने सौंदर्यासाठी चेहरा पुढे करणं ही वेगळी गोष्ट. ती केली आपल्या लीला चिटणीसांनी. 1941 साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्या झळकल्या. त्या जाहिरातीत तोवर हॉलिवुडच्या नट्या असायच्या, पहिली भारतीय नटी ही मराठी बाई. शिकलेली, पदवीधर. त्या काळात सिनेमात जाणं म्हणजेच बट्टा होता, त्यावर साबण विकणं! मग 1960 ला ‘लव्ह इन सिमला’ आला, साधनाचं कपाळ रुंद दिसतं म्हणून केस कापून पुढे आणले, आणि ‘साधना कट’ देशभर झाला. पण आपल्याकडच्या किती घरांत "मला साधना कट करायचाय" असं उंबऱ्याच्या आत उभं राहून म्हणता येत होतं? समोर बसलेल्या आज्या सांगतील. केसाला कात्री लावणं म्हणजे घराण्याच्या नाकाला कात्री.

इथे आम्हाला एक गंमत दिसते. हिंदीत फॅशनला नटीचं नाव लागतं, साधना कट. मराठीत पात्राचं लागतं. जान्हवीचं मंगळसूत्र. तेजश्री प्रधानचं मंगळसूत्र असं कोणी सराफ्यात जाऊन मागितलं असेल, यावर आमचा विश्वास बसत नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’ 2013 ला सुरू झाली, आणि बघता बघता ते लांब मंगळसूत्र सोन्यात, एक ग्रॅममध्ये, आणि आठवडी बाजारात गाडीवर साध्या पितळेतसुद्धा येऊन बसलं. त्याआधी 2012 ला ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मधल्या राधाचं मंगळसूत्र गाजलं. तेही राधाचं, मुक्ता बर्वेचं नाही. आर्ची, राणादा, पाठकबाई, शेवंता. आणि कळस म्हणजे आदेश बांदेकर, ते तर पात्रही नाहीत, साधे सूत्रसंचालक, तरी ते ‘भाऊजी’ झाले!

असं का होतं? आम्हाला वाटतं, सिनेमातली नटी थिएटरात भेटते, तिथे आपण जातो. मालिकेतली बाई संध्याकाळी पोळ्यांच्या वेळेला घरात येते. रोज घरी येणाऱ्या माणसाला आपल्याकडे नातं लावल्याशिवाय चैन पडत नाही. आणि एकदा नातं लागलं की तिच्यासारखं करणं हे थेर राहत नाही. "नटीसारखं मंगळसूत्र पाहिजे" म्हटलं तर सासू भुवया उंचावणार. "जान्हवीसारखं पाहिजे" म्हटलं तर तीच सासू म्हणणार, चल, मीही येते, मलाही बघायचंय. जान्हवी कोण? सहा सासवा सांभाळणारी सून! अशी सून बघायला कोणत्या सासूला आवडत नाही? (हशा) ते मंगळसूत्र म्हणजे घराची परवानगी घेऊन केलेली हौस होती. मंगळसूत्र तर घालायचंच असतं, ते जरा नवं, ड्रेसवरही शोभणारं, ऑफिसात मिरवता येणारं. चौकटीतल्या चौकटीत बोटभर जागा सरकवून घेण्याची ही कला आपल्या बायकांकडे फार आहे, आणि आम्ही तिला बावळटपणा म्हणायला तयार नाही. मालिका म्हणून ती कशी होती, हा भाग निराळा. जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की त्यावर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले. त्या विनोदांचा दर्जा मालिकेपेक्षा बरा होता.

नवरात्रीच्या नऊ रंगांचंही तसंच. ही प्रथा पुराणातली आहे असं समजणारे आता खूप आहेत. पुराणात नाही हो. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘महाराष्ट्र टाइम्स’ने तो उपक्रम काढला, वाचक वाढावेत म्हणून. रंग ठरतात ते बरेचसे वारावरून, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, शनिवारी करडा. देवीने करडी साडी कधी मागितली होती, हे आम्हाला कोणी दाखवून द्यावं! पण आमचं मत विचाराल तर गेल्या पंचवीस वर्षांतली ही सगळ्यात चांगली फॅशन. कारण तिच्यात चेहरा लागत नाही. बँकेतल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या दहाजणी एका रंगात उभ्या राहतात, फोटो काढतात, त्यात नाकीडोळी कोण नीटस याचा प्रश्नच येत नाही. खोट एकच. नऊ रंगांच्या नऊ साड्या सगळ्यांकडे नसतात. ऑफिसात झाडू मारणारी मावशी त्या फोटोच्या वेळी बाजूला सरकते, आणि फोटो काढणाऱ्या ताईंना ते दिसत नाही. कधी कधी तर फोटो काढायला मोबाइल तिच्याच हातात दिला जातो.

आता हसण्याचा भाग जरा कमी होणार आहे.

मंगळसूत्र विकत घेता येतं, साडी उसनी मिळते. कातडी कुठून आणायची? आपल्या मराठवाड्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात जालन्याच्या बसस्टँडवर अर्धा तास उभं राहिलं की गोऱ्यातला गोरा रापतो. या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या शेतात राबलेल्या लोकांचा रंग सावळा असणार, यात नवल ते काय! आणि तरीही मुलगी बघायला आलेल्या मंडळींच्या तोंडी काय असतं? "मुलगी चांगली आहे, पण जरा..." ते वाक्य कोणी पूर्ण करत नाही. पूर्ण करायची गरजच नसते.

त्या अर्ध्या वाक्यावर एक मोठा धंदा उभा आहे. फेअर अँड लव्हली 1975 ला बाजारात आलं. पंचेचाळीस वर्षं त्या नावाने विकलं गेलं, आणि 2020 मध्ये जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा त्याचं ग्लो अँड लव्हली झालं. नाव बदललं. ‘फेअर’ गेलं, ‘ग्लो’ आलं. आमच्या मते ‘ग्लो’ हा शब्द जास्त लबाड आहे. ‘फेअर’ निदान काय विकतोय ते सरळ सांगत होता.

2019 मध्ये स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’ सुरू झाली. सावळ्या रंगाची नायिका दीपा, रंगावरून होणारा तिचा छळ, त्याविरुद्ध तिचं उभं राहणं. विषय उत्तम. लोकांनी डोक्यावर घेतली. आमच्या ओळखीच्या कितीतरी बायका ती बघून रडल्या आणि ते रडणं खरं होतं, ते आम्ही खोटं ठरवणार नाही. पण दीपाचं काम कोणी केलं? रेश्मा शिंदे. चांगली अभिनेत्री, कामात कसूर नाही. मात्र मूळची गोरी, मेकअपने सावळी केलेली! सावळ्या बाईच्या अपमानाची गोष्ट सांगायला अख्ख्या महाराष्ट्रात सावळी नटी मिळाली नाही? की शोधलीच नाही? विचार करा, पडद्यावर सावळेपणाचा गौरव चालू आहे आणि पडद्यामागे सावळ्या मुलीला काम नाही. रोज रात्री दीपाचा रंग साबणाने धुतला जायचा. टीव्हीसमोर बसलेल्या पोरीचा जात नव्हता. रंग हा वरून फासलेला, काढून टाकण्यासारखा मामला आहे, असंच ती मालिका न बोलता सांगत राहिली. तिच्या लेखकांना हे म्हणायचं नसेल, पण तसं झालं.

याच्या उलट उदाहरण ‘सैराट’चं. 2016, नागराज मंजुळे. अकलूजची शाळकरी पोरगी रिंकू राजगुरू, तिला कोणी फासून-घासून उभं केलं नाही. अशी नायिका आपल्या सिनेमाने फार कमी दाखवली आहे. ती ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, विहिरीत पोहणाऱ्या पोरांना दरडावते. राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळवते. आम्हाला तेव्हा वाटलं होतं की आता चेहऱ्यांचा बाजार बदलणार. नक्कल कशाची झाली? बुलेटची. लग्नाआधीच्या फोटोशूटमध्ये नवरी बुलेटवर बसू लागली, गॉगल लावून. हे चांगलंच झालं, आम्ही कुरकुरत नाही. पण बुलेटवरच्या त्या नवरीचा मेकअप बघा, गळ्याचा रंग वेगळा आणि तोंडाचा वेगळा! आर्चीची ऐट उचलली, आर्चीचा वर्ण तेवढा ठेवून दिला. मघाशी म्हटलं ना, लोक निवडतात. घराने ज्याला परवानगी दिली तेवढंच निवडतात. ऐटीला परवानगी मिळाली, तीही फोटोपुरती. सावळेपणाला अजून मिळालेली नाही.

आणि हे नुसतं मनाचं दुखणं राहत नाही. 2023 च्या सुरुवातीला एक बातमी आली होती, आपल्या अकोल्याची. एका कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा मूळ सापडलं ते एका गोरेपणाच्या क्रीममध्ये. त्यात पारा होता. पारा कातडीतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. म्हणूनच पाऱ्याच्या अशा प्रसाधनांवर आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातलेली आहे. दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमांचा. गजकर्ण-खरजेसाठी म्हणून मेडिकलमधून आणायचं, चिठ्ठी कोणी मागत नाही, आणि तोंडाला लावायचं. आठवडाभर चेहरा लख्ख. मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येतं, गालावर लव वाढते, आणि मलम बंद केलं की आग होते म्हणून पुन्हा तेच मलम. हे सोडायचं असेल तर मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून बंद करावं. पार्लरमधून बिनलेबलच्या डबीत काही आणलं असेल तर आज घरी जाऊन बघा. बनवणाऱ्याचं नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत, तर ती डबी गालाला लावू नका.

जाता जाता पैठणीचं बोलतो, कारण तो धागा हातात धरून ठेवायला सांगितलं होतं. 2004 ला ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला. भाऊजी दारात येणार, वहिनींना उखाणा घ्यायला लावणार, जिंकणारीला पैठणी. वर्षानुवर्षं चालला. त्या कार्यक्रमाने एक मोठं काम केलं, पैठणी हा शब्द शालूच्या पेटीतून काढून चाळीत आणि वाड्या-वस्त्यांवर नेला. बाईचं नाव, तिचं शिक्षण, तिला काय आवडतं, हे कॅमेऱ्यासमोर कोणीतरी विचारलं. किती जणींना ते आयुष्यात पहिल्यांदा विचारलं गेलं असेल! या एका गोष्टीसाठी आम्ही त्या कार्यक्रमाच्या सगळ्या साखरपेरणीला माफी देतो. 2022 ला अकरा लाखांची पैठणी बक्षीस ठेवली, तेव्हा मात्र आम्हालाही कळेना की ती नेसून जायचं कुठे आणि जेवायचं कसं. वरणाचा थेंब पडला तर? (हशा)

पण पैठणी हवीशी झाली तशी बाजारात यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ ढिगाने आली. दीड-दोन हजारात मोर, पदर, जर, सगळं. घेणारीला दोष नाही, तिच्या ऐपतीत तेवढंच बसतं आणि हौसेला मोल नसतं. दोष आहे तो ‘सेमी’ हा शब्द गाळून विकणाऱ्याला. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, ते पैठण आणि येवल्याच्या हातमागाला. हातमागावर एक साडी विणायला महिना लागतो, नक्षी भरगच्च असेल तर कित्येक महिने. त्या विणकराच्या जिवावर नटी लग्नात पैठणी नेसते, फोटोखाली डिझायनरचं नाव येतं, दागिन्यांच्या दुकानाचं येतं, मेकअप करणाऱ्याचं येतं, फोटोग्राफरचंही येतं. विणणाऱ्याचं येत नाही. नीलोफरच्या काळात येत नव्हतं, आजही येत नाही. आम्ही म्हणतो, जिथे चार नावं छापता तिथे पाचवं छापायला शाई कितीशी लागणार?

वेळ संपत आली आहे, चिठ्ठ्या आल्यात. एक घेतो.

एका ताईंनी विचारलंय, "दुकानात उभं राहून अस्सल हातमागाची पैठणी ओळखायची कशी?" चांगला प्रश्न. साडी उलटी करा, ताई. पदर आणि काठ मागच्या बाजूने बघा. हातमागावर रंगीत धागे एकमेकांत अडकवून नक्षी विणतात, त्यामुळे मोर पुढून जसा दिसतो तसाच मागूनही दिसतो. यंत्रमागाच्या साडीत बहुतेक वेळा मागच्या बाजूला धागे सुटे लोंबतात, किंवा ते कापून टाकलेले, नाहीतर जाळीने झाकलेले दिसतात. दुकानदार उलटी करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. आणि बिलावर ‘हातमाग पैठणी’ असं लिहून मागा. नुसतं ‘साडी’ लिहिलेलं बिल घेऊन उठू नका. सराफ्यात कॅरेट लिहून घेता ना, तसंच हे.

दुसरी चिठ्ठी पुरुषांच्या रांगेतून आली आहे. विचारलंय, "दाढी काळी करायला कोणतं चांगलं?" (मोठा हशा)

ते सलूनवाल्या मामांना विचारा, साहेब. फक्त आधी कानामागे थोडं लावून बघा, दोन दिवस थांबा, खाज सुटली नाही तरच तोंडाला लावा.